कपाळावरचे कुंकू आणि करडी शाई

जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापलेला एखाद्या सवाष्ण बाईचा फोटो हाती घ्यावा आणि तिच्या कपाळाकडे पाहावे. कुंकू काळे दिसते. त्या काळच्या काचपट्ट्यांना तांबडा रंग दिसतच नसे, हे त्याचे कारण. साध्या पट्ट्या फक्त निळ्या प्रकाशाला ओळखत. त्यानंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक पट्ट्या हिरव्यालाही ओळखू लागल्या, पण तांबडा त्यांच्याही लेखी अंधारच. सर्व रंग ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक पट्ट्या १९०६ पासून विकत मिळू लागल्या होत्या. तरी माझ्या पाहण्यातल्या गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी जुन्या जातीची काच लवकर सोडली नाही, कारण ती तांबड्या दिव्याखाली, प्रतिमा उमटताना डोळ्यांनी पाहत धुता येई. सावळ्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबडा अधिक आणि निळा कमी असतो. त्यामुळे या काचांवर सावळा चेहरा मूळच्याहून काळा उतरतो, आणि त्या चेहऱ्यावर कुंकू त्याहून किंचित काळे. फरक निगेटिव्हमध्ये असतो, पण अगदी थोडा.

हा थोडका फरक कागदावर उतरला नाही तर काय होते, ते सांगतो. गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या काचपट्ट्या मिळतील तशा स्कॅन करून ठेवतो आहे. छायाचित्रणाचे माझे रीतसर शिक्षण नाही. पुस्तके, जाणत्या माणसांशी गप्पा आणि पुष्कळ वाया गेलेला कागद एवढीच विद्या. अशा एका पट्टीची फाइल मी एका कुटुंबाला दिली होती. त्यांनी ती शहरातल्या एका लॅबमधून छापून आणली, चौकट केली, भिंतीवर लावली. मी गेलो तेव्हा नातू म्हणाला, “काका, हा फोटो आजोबा गेल्यानंतरचा दिसतो. आजीच्या कपाळाला काही नाही.” मंगळसूत्र पदराखाली होते. छापील प्रतीत कपाळ आणि कुंकू मिळून एकच काळपट डाग झाला होता. पट्टीच्या कडेला खरवडलेला क्रमांक स्टुडिओच्या वहीत सापडतो, आणि त्या नोंदीच्या साली आजोबा हयात होते. एका प्रिंटरने सवाष्ण बाईला विधवा केले होते आणि घरच्यांनी त्यावरून फोटोचा काळही ठरवून टाकला होता. जुन्या फोटोंचा काळ आपण दागिने, पदर, कुंकू यांवरूनच तर ठरवतो.

तेव्हापासून “कोणता प्रिंटर घेऊ?” असे कोणी विचारले की मी एका नावात उत्तर देत नाही. आधी प्रिंटर करडा रंग कसा तयार करतो ते समजून घ्यावे लागते.

खरे तर साध्या प्रिंटरला करडा रंग ठाऊकच नसतो. त्याच्याकडे काळी शाई असते आणि समोर पांढरा कागद. शाईचे थेंब दाट टाकले की काळे, विरळ टाकले की करडे. वर्तमानपत्रातल्या फोटोचीच युक्ती, फक्त ठिपके बारीक. हे थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग, आणि चांगल्या यंत्राचा थेंब दीड ते चार पिकोलिटरचा असतो. इतके करूनही उजळ भागात, म्हणजे गालाच्या प्रकाशाकडच्या बाजूला किंवा पांढऱ्या पातळाच्या चुण्यांत, काळे ठिपके एकेकटे पडतात आणि मिरपूड भुरभुरल्यासारखे दिसतात. यावर दुसरा उपाय म्हणजे निळसर, किरमिजी आणि पिवळी या तीन रंगीत शाया मिसळून करडा बनवणे. ठिपके त्याने झाकले जातात, पण तिन्ही शायांचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. एक थोडी जास्त झाली की करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येते. रंगीत फोटोत एवढी झाक खपून जाते. कृष्णधवल फोटोत दुसरा रंगच नसल्यामुळे डोळा ती ताबडतोब पकडतो.

तिसरा मार्ग सर्वांत सरळ आहे, पण बाजारात तो उशिरा आला. काळी शाईच पातळ करून करडी शाई भरायची, त्याहून पातळ करून फिकट करडी, आणि या सगळ्या एकाच यंत्रात ठेवायच्या. मग उजळ गालावर काळे ठिपके विरळ टाकायची गरज उरत नाही. फिकट करडे ठिपके दाट टाकता येतात आणि ते डोळ्यांना ठिपके म्हणून दिसत नाहीत. म्हणून प्रिंटरच्या खोक्यावर ठळकपणे छापलेला ५७६० बाय १४४० असा आकडा मी वाचतच नाही. थेंब किती बारीक जागी टाकता येतो एवढेच तो सांगतो. मी शायांची यादी वाचतो: काळ्याखेरीज करड्या किती?

या शाया कशा आल्या त्याची हकीकत मजेशीर आहे. उत्तम छायाचित्रे इंकजेटवर छापता येतील हे ज्यांनी प्रथम दाखवले त्यांत एक गायक होता. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गानत्रयीतला ग्रॅहॅम नॅश. त्याला स्वतःचे कृष्णधवल फोटो मोठ्या आकारात छापायचे होते. त्यासाठी त्याने आयरिस ३०४७ हे यंत्र घेतले, किंमत १,२६,००० डॉलर. ते यंत्र मुळात छापखान्यांसाठी, मोठ्या छपाईआधीची नमुनाप्रत काढण्यापुरते बनवलेले. नॅश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते कलाकामाला जुंपले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाईचा स्टुडिओ काढला. आज ते यंत्र स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. मात्र नमुनाप्रत आठवडाभर टिकली तरी पुरे, अशा हिशेबाने केलेल्या त्याच्या सुरुवातीच्या शाया काही वर्षांतच उडत. पुढे व्हरमाँटमधल्या जॉन कोन या मुद्रकाने एप्सनच्या रंगीत प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढून त्या जागी काळ्याच्या वेगवेगळ्या छटा भरायला सुरुवात केली. त्याच्या पीझोग्राफी या पद्धतीत काळ्याच्या सात छटांपर्यंत मजल गेली. रॉय हॅरिंग्टन यांचा क्वाडटोनरिप हा अल्पमोली प्रोग्रॅमही याच धडपडीतला. त्याने प्रिंटरच्या प्रत्येक शाईवरचा ताबा सामान्य माणसाच्या हाती दिला.

कंपन्यांनी हे हळूहळू उचलले. २००५ मध्ये एप्सनने आर२४०० हा प्रिंटर आणला. त्यात काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शाया एका वेळी होत्या आणि कृष्णधवल छपाईची वेगळी सोयही होती. त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल फोटोचा कागद बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद वापरलेले जुने फोटोग्राफर अजून भेटतात, पण कागद भेटत नाही. अंधारखोली चालवणारी मंडळी आजही आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. परंतु तालुक्याच्या गावी बसून शेकडो काचांच्या प्रती काढायच्या तर इंकजेटला पर्याय राहिलेला नाही.

शाईची जात हा पुढचा प्रश्न. डाय शाई पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली असते. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण तरंगत असतात. डाय शाई चकचकीत कागदावर सुरेख दिसते, यंत्रही स्वस्त पडते; पण उन्हाने आणि हवेतल्या ओझोनसारख्या वायूंनी ती पिगमेंटपेक्षा लवकर विटते. काळ्या पिगमेंट शाईत मुख्यतः कार्बन असतो, म्हणजे आपल्या ओळखीचे काजळच. बोरूने लिहिलेल्या आपल्या जुन्या पोथ्या आणि मोडी कागद आजही काळेभोर वाचता येतात ते काजळाच्या शाईमुळे. तीनशे वर्षांची परीक्षा तिने आपल्या डोळ्यांदेखत दिली आहे. गंमत अशी की हे काजळ पातळ केले की निव्वळ करडे राहत नाही, किंचित तपकिरी दिसते. म्हणून करड्या शायांत उत्पादक थोडे निळे वगैरे कण मिसळून तिला तटस्थ करतात. ही मिसळण्याची कला ज्याची चांगली त्याची करडी शाई चांगली. शाया किती टिकतात याच्या चाचण्या अमेरिकेत हेन्री विल्हेल्म यांची संस्था आणि आर्डनबर्ग ही संस्था करत आल्या आहेत. त्यांचे वर्षांचे आकडे ही नियंत्रित प्रकाशाची अनुमाने असतात. कोकणातल्या ओल्या भिंतीवर ते तसेच्या तसे लावू नयेत. पण दोन शायांतली तुलना करायला ते उपयोगी पडतात.

आता पुन्हा कुंकवाकडे. फिकट करड्या शाया उजळ टोकाचे काम करतात: गाल, पातळ, डोक्यावरची पांढरी टोपी. काळोखाच्या टोकाचा फैसला काळा किती खोल उतरतो यावर होतो, आणि तिथे प्रिंटरइतकाच कागद महत्त्वाचा. ही खोली घनतेच्या आकड्यात मोजतात. घनता २ असेल तर पडलेल्या प्रकाशातला १ टक्का परत येतो. मॅट कागदावर उत्तम पिगमेंट शाईचा काळा १.६ ते १.७ च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ दोन-अडीच टक्के प्रकाश परत येतो. बरायटा जातीच्या, किंचित चमक असलेल्या कागदावर तो २.३ पर्यंत जातो, म्हणजे अर्धाच टक्का. मॅट कागदाचा काळा हा खरे तर गडद करडा असतो, आणि सावळे कपाळ, काळे कुंकू, केस, मागचा पडदा या सगळ्यांना त्याच्या वरच्या अरुंद जागेत दाटीवाटीने बसावे लागते. त्या दाटीत पहिला बळी कुंकवाचा जातो.

कलादालनांत मॅट सुती कागदाचा मोठा मान आहे. हानेम्यूले ही १५८४ पासूनची जर्मन गिरणी. तिचा फोटो रॅग कागद हाताला लागला की सोडवत नाही, हे मीही कबूल करतो. निसर्गचित्रांना, धुक्याला, जुन्या वाड्यांच्या भिंतींना तो शोभतो. पण काचपट्टीवरच्या माणसांसाठी मी बरायटाच निवडतो. मॅटवरच छापायचे असेल तर फाइलमधला काळोखाचा भाग थोडा उजळ करून घ्यावा लागतो. ते करायला हरकत नाही, पण संशोधनासाठीच्या प्रतीवर तशी नोंद हवी. कागद विकत घेताना आणखी एक तपासणी करावी. पुष्कळ कागद जास्त पांढरे दिसावेत म्हणून त्यांत चमक वाढवणारी रसायने घालतात. कालांतराने ती निकामी होतात आणि कागद पिवळट दिसू लागतो. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली कागद धरावा. निळा लखलखला तर तो वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी नको.

प्रकाशाचीही एक भानगड आहे. रंगीत शाया मिसळून केलेला करडा ट्यूबलाइटखाली तटस्थ आणि खिडकीपाशी हिरवट दिसू शकतो, कारण प्रत्येक प्रकाशात रंगांचे प्रमाण वेगळे असते. करड्यासाठी मुख्यतः काळ्या-करड्या शाया वापरणाऱ्या यंत्रात हा खेळ बराच आवरतो. म्हणून नमुना पाहायचा तो तीन ठिकाणी: दारात, ट्यूबखाली आणि घरच्या एलईडी दिव्याखाली.

आता नावे घ्यायला हरकत नाही. एप्सनचे पी७०० आणि पी९०० हे २०२० चे प्रिंटर दहा शायांचे आहेत. त्यांत चकचकीत कागदासाठी वेगळी काळी, मॅटसाठी वेगळी काळी, शिवाय करडी आणि फिकट करडी. जुन्या पी६०० आणि पी८०० मध्ये दोन काळ्या शायांना नोझलची एकच रांग होती. कागदाची जात बदलली की आधीची शाई धुऊन काढण्यात पैसे जात. नव्यांत ती अडचण नाही. कॅननचा प्रो-१००० हा बारा टाक्यांचा, ए२ आकारापर्यंत छापणारा. त्यातही दोन करड्या आहेत आणि चकचकीत कागदावर शाईचे भाग वेगळे चमकू नयेत म्हणून एक पारदर्शक द्रव आहे. त्याचा धाकटा प्रो-३०० हाही पिगमेंटचा, पण त्यात करडी एकच. प्रो-२०० मध्ये मात्र दोन करड्या असूनही शाई डायची. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन शेजारच्या यंत्रांत एकाने छटा दिल्या, दुसऱ्याने टिकाऊपणा. प्रदर्शनाला महिनाभर लावायच्या प्रतींसाठी मी प्रो-२०० आनंदाने वापरीन. ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास वर्षे राहायच्या प्रतींसाठी नाही. काळ्याखेरीज दोन करड्या आणि पिगमेंट शाई, ही माझी किमान अट आहे, आणि ती पुरी करणारी यंत्रे एका बऱ्या स्कूटरच्या किमतीला किंवा त्याहून महाग पडतात.

गावातल्या फोटो स्टुडिओंत आज सर्वाधिक दिसतात ते शाईच्या टाकीचे सहा शायांचे प्रिंटर, एप्सन एल८०५ किंवा एल१८०० सारखे. त्यांत काळी, तीन रंगीत, आणि दोन रंगीत शायांच्या फिकट आवृत्त्या असतात; करडी एकही नाही. पासपोर्ट फोटोला आणि लग्नाच्या अल्बमला ते उत्तम. कॅननच्या जी५७० मध्ये एक करडी आहे, हे त्यातल्या त्यात बरे, पण शाई डायचीच. दुसरा इलाज नसेल तर अशा यंत्रावर शुद्ध करड्याच्या मागे लागू नये. फाइललाच किंचित उबदार, तपकिरी छटा द्यावी. सगळ्या फोटोवर एकसारखी असलेली तपकिरी झाक डोळा स्वीकारतो. करड्यातून मध्येच डोकावणारी हिरवी झाक स्वीकारत नाही. आणि “फक्त काळी शाई” हा पर्याय निवडू नये, कारण तिथे पुन्हा मिरपूड आलीच.

यंत्र घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न सौंदर्याचा नाही, सवयीचा आहे: महिन्याला किती छापणार? पिगमेंटचे कण नोझलच्या तोंडाशी वाळून बसतात. आठवड्यातून निदान एक रंगीत पान छापले नाही तर तोंडे बुजतात, आणि ती मोकळी करण्यात यंत्र स्वतःच महागडी शाई पिऊन टाकते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास अधिक. कोकणात पावसाळ्यात शाई वाळत नाही, पण कागद ओल धरून वाकतो आणि त्याची कड छपाईच्या माथ्याला घासते. तिथे कागद बंद डब्यात ठेवावा, छापायच्या वेळीच काढावा. आणखी एक खास आपल्याकडची बाब: यंत्र नेहमी त्याच्या बटणाने बंद करावे, भिंतीवरच्या बटणाने नाही. बंद होताना ते छपाईचा माथा आपल्या जागी नेऊन त्यावर झाकण बसवते. ऐन छपाईत वीज गेली तर माथा उघडाच राहतो आणि वाळतो. ज्या गावात वीज रोज जाते तिथे प्रिंटरच्या किमतीत यूपीएसची किंमत धरूनच हिशेब करावा.

महिन्याला दहा-पंधरा प्रतींपेक्षा कमी काम असेल तर यंत्र घेऊच नये, असे मी स्पष्ट सांगतो. पुण्या-मुंबईत पिगमेंट प्रिंटर बाळगणाऱ्या लॅब आहेत. तिथे छापून घेणे स्वस्त पडते. फक्त तिथे जाताना प्रश्न घेऊन जावे: शाई पिगमेंट की डाय, करड्या शाया किती, कागदाचे नाव काय. उत्तर देताना चिडणाऱ्या माणसाकडे काम देऊ नये. आणि स्वतःची फाइल न्यावी. दुकानातल्या नमुन्याच्या पानावर बहुधा परदेशी मॉडेलचा गोरा चेहरा असतो; त्यावरून आपल्याला काहीच कळत नाही. मी नेतो ते पान असे आहे: वर शुभ्रापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी, मधोमध एक पांढऱ्या पातळाची घडी, आणि खाली सावळ्या कपाळावरच्या काळ्या कुंकवाचा तुकडा. पट्टीच्या शेवटच्या तीन पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या, पातळाच्या चुण्यांत ठिपके दिसले नाहीत आणि कुंकवाची कड हातभर अंतरावरून ओळखू आली, तर यंत्र कोणत्या कंपनीचे हे मी पुन्हा विचारत नाही.

त्या कुटुंबासाठी आजींची प्रत आता बरायटा कागदावर छापली आहे. आमच्या ग्रंथालयासाठीचा संचही त्याच कागदावर होतो आहे. पहिल्या चाळीस प्रती तयार आहेत. प्रत्येकीच्या मागे मऊ पेन्सिलीने पट्टीचा क्रमांक, वहीतली तारीख, कागद, शाई आणि छपाईचा महिना लिहिला आहे. जिथे काळोख उजळ केला, तिथे किती केला तेही.